नवी लेन्स सदोष आहे, हे ओळखायचे कसे?

नवी दिल्ली : लग्नसराईच्या तोंडावर मोठी रक्कम मोजून घेतलेल्या लेन्सची पहिली छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली आणि कोपरे धूसर दिसले, की छायाचित्रकाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘माल खराब लागला का?’ हा. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते. कित्येकदा निर्दोष लेन्स परत पाठवली जाते, तर खरोखरच सदोष असलेली लेन्स ‘सवयीने जमेल’ या आशेवर परतीची मुदत उलटेपर्यंत वापरात राहते. दुसऱ्या प्रकारातील नुकसान अधिक गंभीर असते. सप्तपदी पुन्हा करवून घेता येत नाही आणि वॉरंटीखाली दुरुस्तीला गेलेली लेन्स ऐन हंगामात सेवा केंद्रात अडकून पडते.

ऑनलाइन खरेदीत परतीसाठी अनेकदा जेमतेम आठवडा ते दहा दिवस मिळतात. तपासणी करायची ती याच काळात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भक्कम तिपाई, एक छापील आकृती, शांत खोली आणि तासाभराचा वेळ पुरेसा असतो. मात्र आपण नेमके काय शोधत आहोत, हे आधी स्पष्ट असले पाहिजे.

आधुनिक लेन्समध्ये काचेची दहा ते वीस भिंगे एकाच अक्षावर ओळीने बसवलेली असतात. त्यांपैकी एखादे भिंग अक्षापासून किंचित बाजूला सरकले किंवा तिरके बसले, तर प्रतिमेच्या एका बाजूची स्पष्टता ढासळते. छायाचित्रणाच्या परिभाषेत यास ‘डिसेंटरिंग’ म्हणतात. मराठीत त्याला केंद्रच्युती म्हणता येईल. नव्या लेन्समधील प्रकाशीय दोषांत हाच सर्वांत महत्त्वाचा. तो कारखान्यातील जुळणीत राहू शकतो, तसाच वाहतुकीत बसलेल्या धक्क्यानेही उद्भवू शकतो. तो ओळखण्याची खूण एकच, ती म्हणजे असमतोल. चारही कोपरे सारखेच मऊ दिसत असतील तर तो बहुधा त्या लेन्सच्या रचनेचा स्वभाव असतो. तीन कोपरे स्वच्छ आणि एक फासटलेला असेल तर तो दोष.

हा भेद लक्षात न आल्याने बऱ्याच तक्रारी निरर्थक ठरतात. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असताना कोपऱ्यांत स्पष्टता कमी होणे, कोपरे काळवंडणे, उजळ कडांभोवती जांभळट रेघ दिसणे, वाइड लेन्समध्ये सरळ रेषा वाकणे, हे सारे रचनाकाराने किंमत, वजन आणि आकार यांच्याशी केलेल्या तडजोडीचे परिणाम असतात. मिररलेस कॅमेऱ्यांच्या कित्येक लेन्समध्ये रेषांची वक्रता सुधारण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवलेले असते, त्यामुळे प्रक्रिया न केलेली रॉ फाइल पाहणारा दचकतो. त्याच मॉडेलची दुसरी प्रत आणली तरी तिच्यातही हेच दिसेल. अशी लेन्स नापसंत असू शकते, सदोष नव्हे.

दुसरा गोंधळ संगणकाच्या पडद्यामुळे होतो. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील छायाचित्र सुमारे ८,२०० पिक्सेल रुंद असते. सामान्य संगणकावर ते शंभर टक्के मोठे करून पाहणे म्हणजे दोन मीटरहून रुंद छापलेले चित्र हातभर अंतरावरून न्याहाळणे होय. लग्नाच्या अल्बमचे पान असे कोणी पाहत नाही. जुन्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर निष्कलंक वाटणारी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर ‘बिघडते’ ती यामुळेच.

आणखी एक वस्तुस्थिती ग्राहकांना सहसा सांगितली जात नाही. एकाच मॉडेलच्या कोणत्याही दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात. अमेरिकेतील ‘लेन्सरेंटल्स’ या लेन्स भाड्याने देणाऱ्या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलच्या अनेक प्रती प्रकाशीय चाचणीयंत्रावर मोजून त्यांतील फरक वर्षानुवर्षे जाहीर केले आहेत. थोडाफार तिरकेपणा प्रत्येक प्रतीत असतो आणि एका नाभीय अंतराच्या प्राइम लेन्सपेक्षा झूम लेन्समध्ये हा फरक सामान्यतः जास्त आढळतो, असे त्या मोजमापांतून दिसते. कंपन्या संकेतस्थळावर देत असलेले गुणवत्तेचे आलेख मात्र अनेकदा रचनेवरून गणिताने काढलेले असतात. ते आदर्श लेन्सचे वर्णन करतात, खोक्यातून निघालेल्या लेन्सचे नव्हे. तेव्हा ‘परिपूर्ण प्रत’ मिळेपर्यंत चार-चार लेन्स बदलून घेण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. प्रत्यक्ष कामात फरक पडेल इतका असमतोल आहे का, एवढेच पाहायचे असते.

खोके उघडताना

पहिली तपासणी डोळ्यांनी आणि हातांनी करायची. लेन्सवरील अनुक्रमांक, खोक्यावरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळला पाहिजे. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश यांचा उल्लेख कायद्याने आवश्यक आहे. तो नसेल, तर लेन्स अधिकृत मार्गाने आली नसण्याची शक्यता असते. असा ‘ग्रे मार्केट’चा माल काही हजारांनी स्वस्त पडतो, पण भारतातील सेवा केंद्राने त्याची वॉरंटी मान्य करावी अशी अपेक्षा धरता येत नाही.

पुढच्या आणि मागच्या काचेवर ओरखडे नसावेत, धातूच्या माउंटवर वापराच्या खुणा नसाव्यात, फोकस आणि झूमची कडी अडखळू नये, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओशट थर नसावा. लेन्समधून विजेरीचा झोत आरपार टाकल्यास आतील भाग दिसतो. त्या उजेडात धुळीचे दोन-चार कण चमकतातच. त्यांचा चित्रावर परिणाम होत नाही आणि त्यांसाठी लेन्स परत करण्यात अर्थ नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते. नव्या म्हणून विकलेल्या लेन्समध्ये ती मुळीच खपवून घेऊ नये. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट पट्ट्यात दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेल्या मालाबाबत ही तपासणी टाळणे परवडणारे नाही.

हलवल्यावर आत काही खुळखुळले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ज्या लेन्समध्ये कंपरोधक यंत्रणा किंवा लिनिअर मोटर असते, त्यांतील भिंगांचा एक गट वीजपुरवठा नसताना मोकळा राहतो. कॅमेऱ्याला जोडून कॅमेरा सुरू केल्यावर आवाज थांबला, तर सर्व ठीक आहे. सुरू असतानाही खुळखुळ चालू राहिली, तर मात्र काही निखळले असण्याची शंका घ्यावी.

चार कोपऱ्यांची परीक्षा

वर्तमानपत्राचे पान भिंतीला चिकटवून त्याचे छायाचित्र काढणे ही आपल्याकडची सर्वांत प्रचलित चाचणी. तीच सर्वांत जास्त फसवते. कॅमेरा भिंतीला काटेकोर समांतर नसेल तर पानाची एक बाजू लेन्सच्या जवळ आणि दुसरी दूर राहते, आणि निर्दोष लेन्सही एका अंगाने धूसर दिसते. ८५ मिलिमीटरची लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा, अ‍ॅपर्चर एफ १.८ आणि विषय दोन मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची एकूण खोली सुमारे ६ सेंटीमीटर भरते. कोपऱ्यांची बारकाईने तुलना करताना त्याहून पुष्कळ लहान फरकही जाणवतो. इतका नेम नुसत्या नजरेच्या अंदाजाने साधत नाही.

भिंतीचीच चाचणी करायची असेल तर एक साधी युक्ती आहे. चाचणीपानाच्या मध्यभागी छोटा सपाट आरसा भिंतीला चपखल टेकवावा आणि लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत तिपाई सरकवावी. तसे झाले की कॅमेरा भिंतीला समांतर आला. यानंतर एक छायाचित्र काढावे, कॅमेरा उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून, मांडणी पुन्हा जुळवावी आणि दुसरे काढावे. धूसरपणा भिंतीच्या त्याच भागावर राहिला, तर मांडणी चुकलेली आहे. तो कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे चौकटीच्या त्याच बाजूला राहिला, तर कारण लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे.

त्याहून विश्वासार्ह रीत म्हणजे भिंतीचा नाद सोडून एकच लक्ष्य वापरणे. मध्यबिंदूपासून किरणांसारख्या काळ्या-पांढऱ्या पाचरी पसरलेली ‘सीमेन्स स्टार’ ही आकृती लेझर प्रिंटरवर छापून घ्यावी. नाभीय अंतराच्या सुमारे ५० पट दूर, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी अडीच मीटरवर, ती लावावी. कॅमेरा तिपाईवर, कंपरोधक यंत्रणा बंद, आयएसओ सर्वांत कमी, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, छायाचित्र रॉ स्वरूपात. समोर लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवावा. कित्येकदा खरा गुन्हेगार तोच असतो.

प्रथम आकृती चौकटीच्या मध्यभागी घेऊन अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून छायाचित्र काढावे. मग कॅमेरा वळवून ती एकेका कोपऱ्यात आणावी. या चाचणीचे सारे मर्म पुढच्या कृतीत आहे. प्रत्येक कोपऱ्यासाठी पडद्यावर प्रतिमा मोठी करून हाताने नव्याने फोकस करायचा. असे का, तर अनेक लेन्सचे फोकसचे प्रतल सपाट नसून वाटीसारखे वाकलेले असते. मध्यभागी केलेला फोकस कोपऱ्यात लागू पडत नाही, आणि हा रचनेतला गुण दोष भासतो. कोपऱ्यागणिक फोकस केला की वक्रता आणि कॅमेऱ्याचा तिरकेपणा ही दोन्ही कारणे बाद होतात. जे उरते ते लेन्सचे.

चारही कोपऱ्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पाचरी आकृतीच्या केंद्रापर्यंत कुठवर वेगळ्या दिसतात, याची तुलना करावी. डाव्या बाजूचे दोन्ही कोपरे उजव्यांपेक्षा उघडपणे कमजोर असतील, तर एखादे भिंग किंवा माउंट तिरके असण्याचा संभव असतो. एकच कोपरा फासटलेला असेल, आकृतीचे किरण एका दिशेला ओघळल्यासारखे दिसत असतील, तर केंद्रच्युतीचा संशय बळावतो. झूम लेन्सची तपासणी किमान तीन ठिकाणी, म्हणजे दोन्ही टोकांना आणि मध्यावर, करावी लागते. एका टोकाला उत्तम असलेली लेन्स दुसऱ्या टोकाला बिघडलेली असू शकते. अ‍ॅपर्चर एफ ८ पर्यंत लहान केले की सौम्य असमतोल बराचसा झाकला जातो. म्हणून केवळ एफ ८ वर चाचणी घेऊन निश्चिंत होऊ नये. उलट टोकाला एफ १६ किंवा एफ २२ वर दिसणारा मऊपणा प्रकाशाच्या विवर्तनामुळे येतो. तो प्रत्येक लेन्समध्ये येणारच.

संशय पक्का वाटला तरी चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी आणि शक्य असल्यास तीच लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहावी. दुसऱ्या कॅमेऱ्यावर दोष नाहीसा झाला, तर पहिल्या कॅमेऱ्याचा सेन्सर किंवा माउंट तिरका असू शकतो.

दुसऱ्या पद्धतीने पडताळा न घेतल्यास काय होते, याचा जगातील बहुधा सर्वांत महागडा दाखला हबल अंतराळ दुर्बिणीचा आहे. एप्रिल १९९० मध्ये ती अंतराळात सोडल्यानंतर तारे धूसर दिसू लागले. २.४ मीटर व्यासाचा तिचा मुख्य आरसा अत्यंत गुळगुळीत घासलेला होता, पण आकाराने चुकीचा. कडेशी तो सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट होता. ज्या उपकरणाने त्याचा आकार तपासला गेला, त्याच्याच जुळणीत एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती. ती उपकरणे कमी अचूक, म्हणून त्यांचे निष्कर्ष बाजूला ठेवले गेले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी सुधारक प्रकाशयंत्रणा बसवली, तेव्हा हबलची दृष्टी सुधारली.

फोकस चुकतो, काच नव्हे

छायाचित्र सगळीकडेच मऊ येत असेल तर आधी फोकसकडे पाहावे. आपल्याकडच्या लहान शहरांतील स्टुडिओंत अजूनही मोठ्या संख्येने असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत ऑटोफोकसचा सेन्सर वेगळा आणि चित्र टिपणारा सेन्सर वेगळा असतो. या दोहोंचा मेळ किंचित चुकला तरी फोकस डोळ्याऐवजी नाकावर किंवा कानावर जातो. तिपाईवर एकाच विषयाची दोन छायाचित्रे घ्यावीत, एक व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस करून आणि दुसरे लाइव्ह व्ह्यूमध्ये हाताने फोकस करून. दुसरे लख्ख आणि पहिले धूसर असेल, तर काच निर्दोष आहे. अनेक डीएसएलआरमध्ये ही तफावत मेनूतूनच दुरुस्त करता येते. मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस चित्राच्याच सेन्सरवर ठरत असल्याने ही अडचण बहुतांशी उरलेली नाही. तिथे लेन्स आणि कॅमेरा या दोहोंचे फर्मवेअर अद्ययावत आहे ना, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

टेलिफोटो लेन्सबाबत एक वेगळी दक्षता घ्यावी लागते. गच्चीवरून दुपारी दूरच्या पाण्याच्या टाकीचे छायाचित्र काढून लेन्सला नावे ठेवणारे बरेच असतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या छपरांवरची हवा थरथरत असते, आणि त्या हवेतून जगातली कोणतीही लेन्स स्पष्ट पाहू शकत नाही. अशी चाचणी सूर्योदयाच्या सुमारास आणि कमी अंतरावर करावी.

अ‍ॅपर्चरची तपासणी झटपट होते. एकसारख्या उजेडात पांढऱ्या भिंतीची वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरवर, एक्स्पोजर समान राहील अशी, सलग छायाचित्रे घ्यावीत. मधलेच एखादे अकारण उजळ आले तर पाती अडकत असल्याची शक्यता धरावी.

दोष सापडल्यावर

चाचणीच्या मूळ फाइल्स, काढल्याची तारीख, लेन्सचा अनुक्रमांक आणि खोके उघडतानाची चित्रफीत जपून ठेवावी. विक्रेत्याला दूरध्वनीवर नव्हे, लेखी कळवावे. ‘फोटो नीट येत नाहीत’ असे मोघम न लिहिता ‘एफ २.८ वर, ७० मिलिमीटरला, वरचा उजवा कोपरा इतर तीन कोपऱ्यांच्या तुलनेत धूसर’ असे नेमके लिहिल्यास सेवा केंद्रालाही काम सोपे जाते. विलंब करणे धोक्याचे असते. वस्तुविक्री अधिनियम, १९३० खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी देतो, पण वाजवी मुदतीनंतरही नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे मानले जाते.

ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने जी गुणवत्ता अपेक्षित आहे, तिच्यातील उणीव म्हणजे दोष. लेन्सच्या बाबतीत विक्रेता बहुधा ‘हे मानकांच्या मर्यादेत आहे’ असे उत्तर देतो, आणि त्या मर्यादा कंपनी ग्राहकाला दाखवत नाही. ही अडचण खरी आहे, आणि तुलनात्मक छायाचित्रांचे मोल तेथेच कळते.

छायाचित्रण हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असे कधी कधी सुनावले जाते. कायदा व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो, हे खरे. पण स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. एकट्याने लग्नाची कामे घेणारा छायाचित्रकार या संरक्षणात बसू शकतो; पगारी माणसे ठेवून अनेक कॅमेरे चालवणाऱ्या आस्थापनेबाबत मात्र वाद उपस्थित होऊ शकतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा असल्याने इंदूर किंवा हैदराबादच्या ग्राहकाला मुंबईच्या विक्रेत्याविरुद्ध दाद मागण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. चाचणीविना दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे.